अंगावरून वारं गेल्यावर : मनातल्या सरावाचा हाताला उपयोग



या पानावर मी एरवी बेणे, पाचट आणि खोडवा याविषयी लिहितो. यावेळी विषय वेगळा घेतला आहे. आमच्या घरात जे घडले ते लिहून ठेवले तर कार्यक्षेत्रातल्या चार घरांना उपयोग होईल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. जे पाहिले, विचारले आणि वाचले तेवढेच सांगतो.

आमचे थोरले बंधू, घरात सगळे त्यांना दादाच म्हणतात, फेब्रुवारी २०२४ मध्ये ६२ वर्षांचे होते. आमच्या उसाची शेवटची खेप काट्यावर जाऊन दोन दिवस झाले होते. पहाटे साडेपाचला गोठ्यात धार काढताना दादांच्या हातातली चरवी सुटली. त्यांना वाटले, हाताला मुंग्या आल्या असतील. उठायला गेले तर उजवा पाय साथ देईना. वहिनी धावत आल्या तेव्हा तोंड एका बाजूला ओढलेले आणि बोलणे जड झालेले. शेजारच्या आजींनी बघितल्याबरोबर सांगितले, "वारं गेलं गं अंगावरनं."

पुढची चूक आमची, ती दुसऱ्या कोणावर घालत नाही. पलीकडच्या गावात एकजण कबुतराचे रक्त चोळून लकवा बरा करतात, असे कोणीतरी म्हटले. तिकडे न्यायचे की दवाखान्यात न्यायचे यावर आमच्या अंगणात दीड तास खल झाला. मग खरोखरीच तिकडे गेलो. जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मेंदूचा फोटो काढला. रक्ताच्या गुठळीने मेंदूची नस बंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या शहरात काही निवडक रोग्यांची गुठळी त्यानंतरही नळी घालून काढतात, पण दादांच्या बाबतीत तीही सोय नव्हती. तेव्हा बंधूंनो, तोंड वाकडे झाले, एक हात वर केल्यावर खाली पडू लागला, बोलणे अडखळले, तर अंगणात चर्चा करू नका. १०८ ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. याविषयी एवढेच पुरे.

दादा वाचले. महिन्याभरात बोलणे बऱ्यापैकी आले. पाय चार महिन्यांनी काठीच्या आधाराने चालू लागला. राहिला तो उजवा हात. खांदा थोडा हलायचा, कोपर अर्धे वाकायचे, पण मूठ मिटलेली ती मिटलेलीच. तालुक्याला फिजिओथेरपीच्या मॅडमकडे आठवड्यातून दोनदा नेत होतो. सहा महिने झाल्यावर जो येई तो एकच सांगे, "सहा महिन्यांत आलं ते आलं, आता नवीन काय यायचं न्हाई." हे वाक्य ऐकून ऐकून दादांनीही हात सोडून दिला. कोणी आले की तो उपरण्याखाली झाकून बसत.

त्यात उसाचे बिल बँकेत जमा झाले. पैसे काढायला गेलो तर डाव्या हाताची सही नमुन्याशी जुळेना. तिथल्या माणसांनी नियमाप्रमाणे सांगितले, अंगठा लावा, दोन साक्षीदार आणा. त्यांचे काही चुकले नाही. पण दादांना ते फार लागले. आमच्या वडिलांचा सगळा व्यवहार अंगठ्यावर चालला. दादा चौथी शिकले आणि घरात सही करणारे पहिले तेच. कारखान्याच्या शेअरच्या अर्जावर, पीककर्जाच्या कागदावर, मुलीच्या लग्नाच्या याद्यांवर त्यांचीच सही. "शाळा शिकून अंगठा लावू का?" एवढेच बोलले आणि घरी आले. ते पैसे तीन महिने तसेच पडून राहिले.

ही गोष्ट मी मॅडमना सांगितली तेव्हा त्यांनी मनातल्या सरावाचा विषय काढला. म्हणाल्या, रोजचा व्यायाम झाला की दादांनी डोळे मिटून, हात न हलवता, तेच काम मनात करायचे. पेला धरायचा, उचलायचा, खाली ठेवायचा. दादा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून आम्हाला बरे वाटले, पण ते काय म्हणाले ते ऐका. "मनातल्या मनात मांडे खाऊन पोट भरतंय व्हय, मॅडम?"

मलाही तसेच वाटले होते. बाईमाणूस समजूत घालतेय, असे मनात आले आणि त्याची आता लाज वाटते. मॅडमनी मग एकेक प्रयोग समजावून सांगितला. पुढे कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीने आणखी वाचून दाखवले. त्यातले जे पक्के कळले ते असे.

फ्रान्समधल्या लियाँ गावी १९८९ साली काही शास्त्रज्ञांनी धडधाकट माणसांना ठराविक अंतर चालायला लावले, आणि मग तेच अंतर डोळे मिटून मनात चालायला लावले. दोन्ही वेळा घड्याळ लावले, तर वेळ जवळजवळ सारखाच भरला. मग त्यांच्या पाठीवर २५ किलोचे ओझे दिले. प्रत्यक्ष चालताना लोक तेवढ्याच वेळात पोचले, पण मनात चालताना त्यांना जास्त वेळ लागला. म्हणजे मनातल्या चालीलाही ओझे जाणवते. डोक्यावर मोळी घेऊन सरीतून निघालेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातला, १९९२ साली छापून आलेला. त्यात करंगळी बाजूला रेटण्याचा व्यायाम होता. एका गटाने चार आठवडे तो खरोखर केला, दुसऱ्याने नुसता मनात केला. पहिल्या गटाचा करंगळीचा जोर ३० टक्के वाढला आणि मनात करणाऱ्यांचाही २२ टक्के वाढला. काहीच न केलेल्यांचा ४ टक्केसुद्धा वाढला नाही. मनात केल्याने स्नायू काही जाड होत नाही. जोर वाढला तो मेंदूतून निघणारा हुकूम सुधारला म्हणून. मेंदूचे काम चालू असताना त्याची चित्रे घेणारी यंत्रे आल्यावर दिसून आले, की हालचाल मनात करताना मेंदूचे जे भाग जागे होतात त्यांतले बरेचसे प्रत्यक्ष हालचालीच्या वेळचेच असतात. शेवटचा हुकूम तेवढा स्नायूपर्यंत जाऊ दिला जात नाही.

आपल्या भाषेत सांगायचे तर असे समजा, की पाटाचा मुख्य भाग फुटला आणि खालच्या वावराचे पाणी तुटले. मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत, त्यामुळे फुटलेली जागा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. पण आजूबाजूच्या लहान दंडांतून पाणी फिरवून आणता येते. त्यासाठी त्या दंडात सारखे पाणी सोडावे लागते, थोडे का होईना. सोडले नाही तर गवत माजते आणि मग वरून कितीही पाणी आले तरी उपयोग नाही. दादांचा झाकलेला हात हा गवत माजलेला दंड होता. मूठ उघडत नाही म्हणून वापरायची नाही, आणि वापरत नाही म्हणून ती आणखी विसरायची.

मनातल्या सरावाचा खरा फायदा मला यात दिसतो. अर्धांगवायू झालेला माणूस व्यायामाने लवकर दमतो. पेला वीस वेळा धरायला सांगितला तर आठव्या वेळेला खांदा भरून येतो. मनात मात्र तो शंभर वेळा धरता येतो. यंत्र नको, एसटीचे भाडे नको.

आता दादांसारख्या रोग्यांवर याचा काय परिणाम झाला, ते बघू. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरी स्टीफन पेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ रोगी घेतले. २००७ साली ते काम प्रसिद्ध झाले. या रोग्यांना झटका येऊन सरासरी साडेतीन वर्षे उलटून गेली होती, सहा महिने नव्हे. सगळ्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास हाताचा व्यायाम दिला. व्यायाम झाला की निम्म्या रोग्यांना अर्ध्या तासाची ध्वनिफीत ऐकवली. तिच्यातल्या आवाजामागोमाग त्यांनी तेच काम मनात करायचे. कामे साधी, कप धरणे, पुस्तकाचे पान उलटणे, पेन वापरणे. उरलेल्या निम्म्यांना तेवढाच वेळ अंग सैल सोडून विश्रांती घ्यायची ध्वनिफीत लावली. सहा आठवड्यांनी हाताच्या कामाची परीक्षा घेतली. ती ५७ गुणांची असते. मनात सराव केलेल्यांचे सरासरी पावणेआठच्या आसपास गुण वाढले. विश्रांतीवाल्यांचा अर्धा गुणही वाढला नाही.

हे ऐकल्यावर दादा उपरण्यातून हात बाहेर काढून बसले. "साडेतीन वर्षं झालेल्यांना?" असे दोनदा विचारले.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी कबुतरवाल्यापेक्षा वेगळा नाही. ब्रिटनमध्ये २०११ साली १२१ रोग्यांवरचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात चार आठवडे, आठवड्यातून तीनदा, पाऊण पाऊण तास मनातला सराव करवला. शेवटी सराव केलेल्या आणि न केलेल्या रोग्यांत हाताच्या कामाचा फरक आढळला नाही. मग खरे कोणाचे? दोन्ही प्रयोग समोर ठेवून वाचले तर एक गोष्ट नजरेत भरते. सिनसिनाटीला हाताने जे काम केले तेच लगेच मनात करायचे होते. ब्रिटनमध्ये मनातला सराव हाताच्या व्यायामापासून वेगळा ठेवला होता. नुसती कल्पना हाताला पुरत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. २०२० साली जगभरातल्या २५ प्रयोगांचा आणि ६७६ रोग्यांचा एकत्र आढावा निघाला. त्याचा निष्कर्षही याच अंगाने जातो. नेहमीच्या उपचारांना मनातल्या सरावाची जोड दिली तर हाताची कामे बहुधा जास्त सुधारतात, एवढेच तो म्हणतो. चालण्याच्या बाबतीत पुरावा अजून कच्चा आहे. म्हणून मनात चाललो आणि काठी टाकली, असे कोणी करू नये.

आम्ही हे घरी कसे केले ते जरा विस्ताराने सांगतो, कारण पहिले तीन आठवडे सगळेच चुकले.

जानेवारी २०२५ मध्ये सुरुवात केली. मॅडमनी आधी दादांना विचारले, कोणते काम यावेसे वाटते? दादा म्हणाले, सही. मॅडम म्हणाल्या, सही शेवटी. आधी पेला, मग पान, मग पेन. वेळ सकाळी दहाची ठरवली. आधी दुपारच्या जेवणानंतर करून पाहिले होते, पण दादा दोन मिनिटांत घोरू लागत. अर्धा तास टेबलावर खरा व्यायाम करायचा. टॉवेलवर हात ठेवून पुढे-मागे सरकवणे, डाव्या हाताने बोटे उघडून पेल्याभोवती ठेवणे, जेवढे जमेल तेवढे स्वतः धरणे. मग पाठीला लोड लावून बसायचे, डोळे मिटायचे, पाच मिनिटे सावकाश श्वास घेऊन अंग सैल सोडायचे. त्यानंतर वीस मिनिटे मनातले काम, आणि शेवटी दोन-तीन मिनिटे खोलीतले आवाज ऐकत सावकाश डोळे उघडायचे.

मनातले काम सांगायला आवाज पाहिजे. मोबाइलवर मी रेकॉर्ड केला. पण तो वार्षिक सभेत अहवाल वाचावा तसा झाला. "उजवा हात पुढे घ्यावा. बोटे उघडावीत." दादा म्हणाले, "ह्यो ठराव मंजूर हाय, पुढं चला." मग वहिनी बोलल्या. त्यांनी कागद घेतलाच नाही. "चहाचा पेला हाय म्होरं. इस्टीलचा, तुमचाच, काठाला पोचा आलेला. वाफ येतीया. खांद्यातनं हात म्होरं न्या, दमानं. बोटं उघडत्यात बघा, आधी अंगठा. पेला कोमट लागतोय तळव्याला…" हे ऐकून दादांच्या कपाळावरची शीर हलली. मॅडमनी सांगितले, असाच पाहिजे. वस्तू ओळखीची पाहिजे आणि स्पर्श, वजन, ऊब हे सगळे त्यात आले पाहिजे.

दुसरी अडचण अशी, की दादांना आपण स्वतःच समोर दिसायचे, जत्रेतल्या तंबूच्या सिनेमात दिसावे तसे. मॅडम म्हणाल्या, ते बघणे झाले, करणे नव्हे. आपल्याच डोळ्यांनी आपला हात खालून पुढे जाताना दिसला पाहिजे आणि आतून जाणवला पाहिजे. त्यासाठी युक्ती अशी, की ते काम आधी चांगल्या हाताने एकदा खरोखर करायचे, ते कसे वाटले ते ध्यानात ठेवायचे, आणि मग तसेच आजारी हातात मनाने आणायचे. तिसरी चूक घाईची. मनात दादा पंचवीस वर्षांचे होऊन झटकन पेला उचलत. मॅडमनी घड्याळ लावले. पेला उचलून ठेवला की बोट वर करायचे. मनातला पेला दोन सेकंदांत परत आला, तर गडी काम न करता मजुरी मागतोय असे समजायचे.

हे सगळ्यांना जमत नाही, हेही सांगतो. ज्यांना झटक्यानंतर बोललेले नीट समजत नाही, किंवा ज्यांचे अंगाच्या एका बाजूकडे लक्षच जात नाही, त्यांना हा सराव अवघड जातो. काहींना मनात चित्रच येत नाही. माणूस फार खचला असेल, दिवसभर रडत असेल, तर आधी डॉक्टरांना तसे सांगावे. झटक्यानंतरच्या उदासीनतेवर औषध आहे. आजारी हात धरून ओढून उचलू नये, खांदा निखळतो. आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. आमच्या दादांनी झटक्याआधी "बरं वाटतंय" म्हणून त्या बंद केल्या होत्या. हे मला नंतर कळले.

फरक काय पडला? मार्चअखेर अंगठा आणि पहिली दोन बोटे स्वतःहून उघडू लागली. मे महिन्यात अर्धा भरलेला पेला उजव्या हाताने तोंडापर्यंत आला, खालून डाव्या हाताचा आधार होता. यातले किती व्यायामाने आले, किती मनातल्या सरावाने आणि किती हात उपरण्याबाहेर निघाल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. एका माणसावरून ते ठरत नसते. रोज दहा वाजता दादा आपणहून टेबलाशी येऊन बसत, एवढे मात्र मी डोळ्यांनी पाहिले.

जूनमध्ये पेन घेतले. बारीक पेन बोटांतून निसटे, म्हणून त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. वहिनींना सही सांगता येईना, त्यांचे शिक्षण झालेले नाही, म्हणून पुतणीने दादांच्या शेअर सर्टिफिकेटच्या अर्जाची जुनी प्रत समोर ठेवली आणि सहीतले एकेक वळण बोलून रेकॉर्ड केले. कुठे पेन टेकते, कुठे वर जाते, शेवटची रेघ कुठे ओढायची. दादा दिवसातून एकदा ती सही कागदावर करत आणि तीस-चाळीस वेळा मनात.

ऑगस्ट २०२५ मध्ये आम्ही बँकेत गेलो. जुन्या नमुन्याशी सही जुळली नाहीच. दादांची आताची सही मोठी आहे आणि रेघ थरथरते. साहेबांनी नवीन नमुन्याचा कागद दिला. तीन ठिकाणी सही करायची होती. पहिलीला दोन मिनिटे लागली, मागे रांग थांबली होती, कोणी काही बोलले नाही. तिसरी चौकटीच्या बाहेर गेली. साहेबांनी ती चालवून घेतली आणि त्याच दिवशी पैसे मिळाले.

शर्टाची बटणे अजून वहिनीच लावतात. दोन्ही हातांचे बारीक काम ते, मॅडम म्हणतात वेळ लागेल, कदाचित पूर्ण जमणारही नाही. गेल्या आठवड्यात पुतणीने बटणांचे रेकॉर्डिंग केले. दादांनी एकदा ऐकले आणि बंद करायला सांगितले. तिने गळ्याच्या बटणापासून सुरुवात केली होती, आणि दादा आयुष्यभर खालून वर बटणे लावत आले. आता ते पुन्हा करायचे आहे.